जवळजवळ सगळे

“ॲन ऑलमोस्ट कम्प्लीट रेस्क्यू,” बचाव पथकाचा प्रमुख म्हणाला आणि खुर्चीत कोसळला. त्याच्या भुवयांवरसुद्धा कोळशाची भुकटी बसली होती. तो परदेशातून आला होता, इथली भाषा त्याला येत नव्हती. म्हणून खाण कंपनीने शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दुभाषी म्हणून बोलावून घेतलं होतं.

ऑलमोस्ट म्हणजे नेमकं काय, बाईंनी विचारलं. एक, तो म्हणाला. छत खाली आलं तेव्हा एकजण दगडांखाली सापडला, तो जागीच गेला. बाकीचे सगळे जिवंत आहेत. खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून थोडे थोडे करून वर येतील, तासभर तरी लागेल. गेला तो कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. टेलिफोनची तार तुटलेली होती. खाली पोचलेली माणसं त्याच्या पथकातली, त्यांना सगळे काळे चेहरे सारखेच.

मॅनेजर खिडकीपाशी उभा होता. खाली फाटकाबाहेर घरोघरच्या बायका, म्हातारी माणसं, पोरं कालपासून बसून होती. सुटका पूर्ण झाली एवढंच सांगा, तो बाईंना म्हणाला. एक गेला म्हटलं की लोक फाटक मोडून आत घुसतील, पिंजऱ्याच्या तोंडाशी रेटारेटी होईल, आणि वर येणाऱ्यांचेच हाल होतील. त्या एकाचं मागाहून सांगता येईल. त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं.

बाईंनी विचार केला, पण फार नाही. हा धडा त्या दरवर्षी शिकवत आल्या होत्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. त्याला ‘फार’ लावता येत नाही, ‘थोडं’ लावता येत नाही. ‘जवळजवळ’ मात्र लावता येतं, आणि ते लावलं की पूर्ण हे पूर्ण उरत नाही. मुलं नेमका तो लहानसा शब्द गाळायची आणि बाई त्यावर लाल रेघ ओढायच्या.

“तो शब्द मला गाळता येणार नाही,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

फाटकाशी कुणीतरी त्यांना स्टूल दिलं. त्यावर चढून त्यांनी वर्गात बोलावं तसं स्वच्छ आवाजात सांगितलं. जवळजवळ सगळे सुखरूप आहेत. एकजण गेला. कोण ते अजून कळलेलं नाही.

फाटक कुणी मोडलं नाही. कालपासून या बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. एकीचं पोर दुसरीच्या मांडीवर झोपत होतं, पाण्याची एकच बाटली साऱ्यांत फिरत होती. आता त्या हळूहळू एकमेकींपासून सरकल्या. पोरं आपापल्या आयांकडे गेली. कुणी कुणाकडे बघेना. प्रत्येकीच्या मनात एकच मागणं होतं, आणि ते पुरं व्हायचं तर शेजारणीचं घर बसणार, हेही प्रत्येकीला कळत होतं.

भिंतीला टेकून शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. त्यांचे दोन्ही मुलगे एकाच पाळीला खाली उतरले होते. दोन बाजूंना दोन सुना. काल रात्रभर त्या दोघी जावा एकमेकींचा हात धरून होत्या. बाईंनी बघितलं, थोरलीने आपला हात सोडवून घेतला. धाकटीनेही तो पुन्हा धरला नाही. काकूंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

पिंजऱ्याचं चाक फिरू लागलं. दर खेपेला काही माणसं वर यायची, एखादी बाई नाव घेऊन धावत सुटायची. ज्यांना आपलं माणूस मिळालं त्या हसल्या नाहीत. चोरी केल्यासारख्या मान खाली घालून त्या माणसाला घेऊन निघून गेल्या. गर्दी विरळ होत गेली. शेवटी फाटकाशी तिघीच उरल्या. एक सासू आणि दोन सुना.

बाईंना घरी जाता येईना.

शेवटच्या खेपेला थोरला आला. त्याची बायको धावली. धाकटी होती तिथेच खाली बसली. थोरला येऊन आईच्या गळ्यात पडला. धाकट्याचा हात आपल्या हातात होता, ओढतच होतो, असं काहीबाही तो सांगत राहिला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग पथकातल्या माणसांनी त्याला धरून ॲम्ब्युलन्सकडे नेलं. त्याची बायको बरोबर गेली. शेजारच्या दोघी परत आल्या आणि त्यांनी धाकटीला उठवून घराकडे नेलं.

बाई काकूंजवळ गेल्या. आपल्याला खोटं बोलणं जमलं नाही, माफ करा, असं त्या कशाबशा म्हणाल्या.

“खोटं बोलला नाहीत तेच बरं केलंत, बाई,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “पण एक गेला म्हटल्यावर तो माझ्या दोघांतलाच, असं मनाने धरलं, आणि मला देवापाशी एकालाच मागावं लागलं. तासभर मी एकाचंच नाव घेत बसले.”

ॲम्ब्युलन्समधून हाक आली, “आई.”

काकूंनी डोळे पुसले. निघता निघता त्या बाईंच्या कानाशी वाकल्या.

“हा हाक मारतोय ना, याचं नाही.”