अकरा मिनिटं

पडद्यावर पांढरी काडी लुकलुकत होती. प्रिस्किलाने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती, म्हणजे अजून सात.

"जुन्यावर बटण दाबलं की उघडायचं," ती म्हणाली. "दिवाळीत नवा कॉम्प्युटर आला आणि या प्रोग्रामला म्हातारपण आलं."

दुरुस्तीला बोलावलेल्या रिषभने कीबोर्ड पुढे ओढला. नवापूरच्या बाजारात त्याच्या घरचं दुकान होतं. खाली साड्या, वर कॉम्प्युटर दुरुस्ती.

दवाखान्याच्या या जुन्या प्रोग्राममध्ये साडेअकरा हजार माणसांच्या रक्ताची नोंद होती. कोणाला सिकलसेल, कोण नुसता वाहक, कोण निरोगी. दोन वाहकांचं लग्न झालं तर पोर दुखणं घेऊन जन्मू शकतं. म्हणून हल्ली सोयरीक ठरताना गुळाच्या ताटात दोन्हीकडची कार्डं ठेवायची रीत पडली होती. कार्ड हरवलं, भिजलं, शेळीने खाल्लं, की माणसं दुसरं कार्ड घ्यायला प्रिस्किलाकडे येत. शेळीने खाल्लेली आतापर्यंत सात झाली होती.

आज मंगळीबाई लेकीचं कार्ड भिजलं म्हणून आली होती. बाहेर एका बाकावर ती आणि तिची निर्मला, समोरच्या बाकावर मुलाकडचे चौघे, मध्ये स्टुलावर गुळाचं ताट. मुलाचं दिवाळीआधीचं कार्ड ताटात होतं. वाहक. आता निर्मलाच्या कार्डावर काय येतं, तेवढंच राहिलं होतं.

रिषभ प्रोग्रामच्या पोटात शिरून ओळी वाचत होता. वाचता वाचता हसला. थट्टेवर आला की तो अहिराणीत बोलायचा.

"ताई, हाई हळू नही शे. हाई वाट देखी ऱ्हायनं."

"कोणाची वाट?"

"जुना कॉम्प्युटरनी. रोज त्याले नाव लईसन हाक मारस. मन्हा आजा बी आसाच करस. आजी जाईसन चार वरीस व्हयनात, तरी ताटवर बठीसन तिनी वाट देखस."

प्रिस्किलालाही हसू आलं. "मग अकरा मिनिटांनी काय होतं?"

"आजा जेवी लेस."

तेवढ्यात अकरा मिनिटं भरली. रोजच्यासारखी इंग्रजीत एक ओळ आली, शेवटी प्रश्नचिन्ह. प्रिस्किलाने रोजच्यासारखं 'वाय' दाबलं. यादी उघडली. तिने निर्मलाचं नाव शोधून छपाईला दिलं.

"काय विचारलं त्याने आत्ता?" रिषभने विचारलं.

"कोण जाणे. वाय दाबलं की उघडतं."

रिषभ पुन्हा ओळींकडे वळला. मग बोलला ते शाळेतल्या मराठीत, आणि प्रिस्किलाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"ताई, नव्या कॉम्प्युटरवर काय काय आणलं होतं?"

"सगळं. नावं, गावं, वय."

"आणि रक्ताचे निकाल?"

"ते त्यातच असणार ना."

"नाहीत. ते जुन्यातच राहिले. हा रोज तेच मागतो. मिळाले नाहीत की विचारतो, निकाल सापडत नाहीत, तसंच पुढे जायचं का?"

"आणि मी हो म्हणते."

"तुम्ही हो म्हणता."

"मग सगळ्या कार्डांवर निरोगी कुठून येतं?"

"निकालाची जागा रिकामी दिसली की निरोगी छापायचं, असं याच्यात लिहून ठेवलंय." रिषभने चष्मा पुसला. "लिहिणारा आशावादी होता."

दिवाळीपासून तिने एकशे त्रेचाळीस कार्डं दिली होती. एकही वाहक निघाला नव्हता. गेल्या महिन्याच्या मिटिंगमध्ये त्यावर टाळ्या वाजल्या होत्या. इलाका सुधारतोय म्हणून तिला नारळही मिळाला होता. तो तिने घरी फोडून खाल्ला होता.

प्रिस्किलाने शिपाई उदेसिंगला हाक मारली.

"उदेसिंग, जुना कॉम्प्युटर तुम्ही नेला होता ना? कुठे आहे?"

"खुराडं केलं, मॅडम. हवा चांगली खेळते. दोन कोंबड्या बसल्यात."

"आत एक चपटी जड डबी होती, सगळ्या नोंदींची. ती?"

"फोडली."

दोघं त्याच्याकडे बघत राहिले. आपली तारीफ होणार असं वाटून उदेसिंग जरा पुढे आला.

"आत आरसे निघाले, मॅडम. गोल. दोन. लई कामाचे. ज्वारीत दोरीवर टांगलेत. एक पाखरू बसत नाही."

त्याने खिडकीतून बोट दाखवलं. दवाखान्याच्या मागेच त्याचं शेत होतं. भरल्या कणसांवर दोन चकत्या वाऱ्याने गरगरत होत्या, आणि त्यांचा उजेड दवाखान्याच्या भिंतीवरून, फायलींवरून, रिषभच्या तोंडावरून धावत होता. साडेअकरा हजार माणसं. वर खरंच एक पाखरू नव्हतं.

"त्यातून काही निघेल?" प्रिस्किलाने हळूच विचारलं.

"उजेड," रिषभ म्हणाला. यावेळी तो थट्टा करत नव्हता.

प्रिंटर कुरकुरला. निर्मलाचं कार्ड बाहेर आलं, कोमट. त्यावर काय आहे हे बघायची गरज नव्हती.

आवाज ऐकून मंगळीबाई दारात आली. तिच्या मागे कोणीतरी गूळ फोडायला घेतला होता.

"निघालं ना, बाई?" तिने हात पुढे केला.

खिडकीतून उजेडाचा गोल तुकडा आला, तिच्या तळहातावर जरासा थांबला, आणि पुढे सरकला.