बरणी वाळेपर्यंत

“कैरीच्या फोडी मऊ पडायला लागल्या, अण्णा. द्या ती बरणी!” लेक म्हणाली.

अण्णांनी बरणी पोटाशी धरली होती. तळाशी बोटभर खार उरला होता, गेल्या वैशाखात बायकोनं घातलेल्या लोणच्याचा. ती गेली, तिच्या हाताची चव तेवढी खारात राहिली. आणि जुन्या खारावर नवं लोणचं घातलं तर नासतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पेशींवर संशोधन करणारी लेक जवळ बसली. “आपल्या पेशीत एक प्रथिन असतं. तुमच्यासारखं हट्टी! ताकद संपलेला न्यूक्लिओटाइड, म्हणजे एक छोटा रेणू, मुठीत धरून बसतं. मग एक मदतनीस प्रथिन येतं, मूठ हलकेच सैल करतं. जुना सुटतो, तेव्हाच ताकदीचा नवा आत येतो.” बोलता बोलता तिनं त्यांच्या बोटांवर हात ठेवला.

बोटं सैल झाली. खार वाटीत काढला, बरणी धुऊन उन्हात पालथी घातली.

“आणि ते मदतनीस? त्याचं पुढं काय?”

“निघून जातं, अण्णा.”

दाराशी तिची बॅग भरून उभी होती. अण्णा बरणीकडे बघत म्हणाले, “बरणी वाळेपर्यंत तरी थांब.”