बाईंची पाठराखण

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा आता सगळं संपलंच असं तिला वाटलं. टेबलावर तिच्या कादंबरीचे फर्मे होते, छापून घड्या घातलेले, अजून न शिवलेले. त्यांच्यावर कव्हरचा नमुन्याचा कागद. पुढच्या बाजूला चित्र होतं, तिचं नाव होतं. मागची बाजू कोरी होती.

"एवढ्यासाठी आलीस?" बाईंनी विचारलं. "पाठराखणीसाठी?"

तिने नुसती मान हलवली.

पाठराखण हा प्रकाशकाच्या तोंडचा रोजचा शब्द. पुस्तकाच्या पाठीवर चार गोड ओळी आणि खाली एखादं वजनदार नाव. नाव बघून गिऱ्हाईक पुस्तक हातात घेतं, ओळी वाचतोय कोण? तिच्या माहेरी मात्र हाच शब्द आरोपासारखा वापरला जायचा. भाऊ काही उपद्व्याप करून आला की वडील आईवर कडाडायचे, "तूच त्याची पाठराखण करतेस." तिची अशी कुणी कधी केली नव्हती. करायची वेळच तिने कुणावर आणली नव्हती, आणि आज पहिल्यांदा आणली तर ती नेमकी या दारात.

प्रकाशकाने सकाळीच हात वर केले होते. छापलेले फर्मे त्याने मोठमोठ्या लोकांना वाचायला पाठवले होते आणि सगळ्यांनी एकच सूर लावला होता. ही सरांची नक्कल आहे. वाक्यांची वळणं त्यांची, थांबण्याच्या जागासुद्धा त्यांच्या.

"बाईंनी, सरांच्या पत्नीने, लिहून दिलं की ही त्यांची शिष्या, तर लोक वारसा म्हणतील," प्रकाशक म्हणाला. "नाहीतर चोरी म्हणतील. मग मला हे सगळं रद्दीत घालावं लागेल. संध्याकाळी कव्हर मशीनवर जातंय. बघा तुम्ही."

सर म्हणजे नावाजलेले कादंबरीकार, आणि ती त्यांची लेखनिक होती. सरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तिला कामावर ठेवलं. सर सांगत, ती लिहून घेई. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. जगाला ठाऊक नव्हतं ते हे, की हातापाठोपाठ सरांचे शब्दही गेले. ते अर्ध्या वाक्यात अडकत आणि खिडकीबाहेर बघत बसत. एकदा तिने भीतभीत ते वाक्य पुरं केलं. मग पुढचं केलं. मग ती एकटीच बोलत राहिली आणि आपलं बोलणं आपणच लिहून घेत राहिली. सर मधूनमधून "हं" म्हणत. शेवटच्या तिन्ही कादंबऱ्या अशाच झाल्या. सरांच्या नावाने छापून आल्यावर इतरांसारखीच तिलाही त्यांची एकेक प्रत भेट मिळाली. ती कुणाजवळ काही बोलली नाही. बोलून कुणाला खरं वाटलं असतं? तशात सरही गेले.

आता स्वतःच्या नावाने पहिलं पुस्तक निघत होतं, आणि तेच चोरीचं ठरत होतं. आपल्याच घरात शिरताना चोर म्हणून धरलं जावं, तसं झालं होतं. वय उताराला लागलेलं. दुसरा प्रकाशक उरलेला नाही. ती पोटभर रडली, आणि मग तिने मनाशी ठरवलं, शिष्या तर शिष्या. नाकदुऱ्या काढू, खोटं गिळू, पण पुस्तक बाहेर येऊ दे.

"एवढंच लिहा, की मी सरांकडे शिकले," ती म्हणाली. "भाषा त्यांचीच आहे म्हणा. मी जन्मात कधी नाही म्हणणार नाही, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांची पुस्तकं संपादित केली होती. सरांच्या प्रत्येक पुस्तकाची पाठराखण त्यांनीच, स्वतःचं नाव न घालता लिहिली होती. सरांबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर त्याला चहा अर्धा टाकून उठावं लागे. अशा बाईंकडून आपण काय मागतोय, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. तिने फर्मे उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मी वाचलंय, मलाही फर्मे आले होते. पेन दे."

बाईंनी पुन्हा चष्मा लावला आणि कव्हरच्या कोऱ्या बाजूवर सरळ लिहायला सुरुवात केली. टेबलाच्या अलीकडून ती उलटी अक्षरं बघत होती, 'शिष्या' हा शब्द शोधत होती. तो कुठेच नव्हता. बाईंनी खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"वाच. मोठ्याने वाच, तुला सवय आहे."

तिने वाचायला घेतलं.

"माझ्या पतीच्या शेवटच्या तीन कादंबऱ्यांची पाठराखण मी लिहिली होती. ती खोटी होती. त्या कादंबऱ्या हिच्या आहेत. ही त्या सांगत असे तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते."