सुलतानची फाइल

जावई प्रभादेवीचा, नोकरी बँकेतली, मागणी कसली नाही, वर मुलगी हाकेच्या अंतरावर. काळाचौकीच्या रमाकांत तळवडेकरांना या लग्नात मिळवण्यासारखं एवढं होतं. आणि ते सगळं या घडीला डॉक्टर सेसिलियांच्या टेबलावरच्या एका कागदाखाली दबून पडलं होतं.

“सुलतानच्या रक्तात फिटच्या गोळीचा मागमूस नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डॉक्टर जनावरांच्या, पण फाइल अशी ठेवत की माणसांनी हेवा करावा. “सहा महिने मी लिहून देतेय, तुम्ही नेताय. मग कुत्रा खातो तरी काय?”

टेबलाखाली सुलतान शेपूट आपटत होता. त्याला जन्मात कधी फिट आली नव्हती.

फिट यायची नूपुरला, रमाकांतांच्या मुलीला. कणकवलीला मामाकडे पहिली आली, तिथल्याच डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुढे मुंबईत स्थळ चालून आलं आणि पंचाईत झाली. परळच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसत होत्या होणाऱ्या विहीणबाई, सुभद्राताई. नाक्यावरचा केमिस्ट म्हणजे चाळीचा लाउडस्पीकर. मुलीचं नाव कुठल्याच कागदावर यायला नको होतं. मग रमाकांतांनी डोकं चालवलं. माणसाची ती गोळी कुत्र्यालाही देतात. ते सुलतानला घेऊन लालबागच्या या दवाखान्यात आले आणि मुलीचं दुखणं त्याच्या नावावर चढवलं. तिचा डावा हात आधी आखडायचा, ते त्याचा डावा पंजा आखडतो म्हणाले. डोळे फिरायच्या आधी कुणाला तरी शोधल्यासारखा बघतो, म्हणाले. डॉक्टरांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला. “मुक्या जनावराकडे इतकं लक्ष देणारा मालक मी पाहिला नाही,” असंही म्हणाल्या. तेव्हा रमाकांतांना चक्क भरून आलं होतं.

“थुंकतो तो, डॉक्टर,” आता ते म्हणाले.

“मग आज माझ्यासमोर भरवा. पंधरवड्याने पुन्हा रक्त बघते. तेव्हाही कोरं निघालं तर एक गोळी लिहून देणार नाही. ही काय चॉकलेटं आहेत?”

गोळ्या मोजून मिळत. लग्नाला महिना होता. रमाकांतांनी घरी पोचायच्या आत वाटणी करून टाकली: सकाळची नूपुरला, रात्रीची सुलतानला. नूपुरला गोळ्या पाकिटाशिवाय, डबीतून मिळत. त्या कुठून येतात हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“डॉक्टरांनी रात्रीची बंद केलीय,” ते तिला म्हणाले. “बरी होतेयस तू.”

“खरंच, बाबा?” एवढंच ती म्हणाली, आणि सबंध संध्याकाळ गुणगुणत राहिली.

सुलतान दिवसाढवळ्या पेंगायला लागला. जिन्यावर त्याचे मागचे पाय फाकायला लागले. रमाकांतांना ही लक्षणं शुभ वाटली. ठरल्या दिवशी त्याचं रक्त दिलं, रिपोर्ट हाती आला, आणि ते पेढ्यांच्या दुकानात उभे असताना शेजाऱ्यांचा फोन आला. नूपुर पुऱ्या तळता तळता फिट येऊन कढईवर कोसळली होती.

शेजाऱ्यांनी तिला उचललं ते थेट परळला. जवळ तेच. रमाकांत पोचले तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत सोललेला होता, अर्धा चेहरा ओल्या कापडाखाली होता, आणि फिट थांबत नव्हती.

“आधी झालंय असं कधी?” तरुण डॉक्टरने विचारलं. “औषध काही चालू?”

रमाकांतांनी मान वळवली. दारात सुभद्राताई उभ्या होत्या, खिडकी सोडून धावत आलेल्या.

“नाही,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच.”

“काय बोलताय, व्याही?” सुभद्राताईंनी त्यांना हाताने बाजूला सारलं. “डॉक्टर, फिट्सची जुनी पेशंट आहे. गोळी चालू आहे.” आणि गोळीचं नाव, ताकद, सगळं धडाधड सांगून मोकळ्या झाल्या. डॉक्टर सिस्टरला हाक मारत धावला.

रमाकांत त्यांच्याकडे वळले. “तुम्हाला कोणी...”

“तिनेच. पहिल्या भेटीत माझ्या मुलाला, संघर्षला सांगितलं, त्याने घरी येऊन मला. दुखणं कोणाला नसतं? तुम्हाला कळू देऊ नका म्हणाली. ‘बाबांना वाटू दे त्यांनी झाकलंय, तेवढ्यावर त्यांना झोप लागते.’” पडद्यापलीकडे कॉट खडखडत होती. सुभद्राताईंचा आवाज उतरला. “पण गोळी चुकवणारी पोर नाही ही. मग एवढी मोठी फिट आली कशी? तिचं औषध गेलं कुठे?”

रमाकांतांचा हात खिशाकडे गेला. सकाळचा रिपोर्ट त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घालून होता. रुग्णाचं नाव सुलतान. रक्तातलं औषधाचं प्रमाण समाधानकारक.