हेमलाचा अभिप्राय

"याले लहानपनी कोनी काई नीट समजावून सांगतलंच नसन," हेमला पुस्तकावरच्या लेखकाच्या नावाकडे बघत पुटपुटली. "म्हनून आता साऱ्या दुनियेचा सूड घेऊन राह्यला."

धम्मपाल शेजारीच खाटेवर बसला होता. त्याला हसू आलं. सकाळच्या गाडीनं तो वाशिमहून जऊळक्याला आला होता, दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं. अर्थमितीचं, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीचं, हे जाडजूड पुस्तक बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला लावावं की नाही, याचा अभिप्राय उद्या विद्यापीठाच्या समितीला द्यायचा होता. समितीवर प्राध्यापक म्हणून नाव त्याचं. पण पुस्तक आलं की आधी बहिणीकडे यायचं. हेमला बारावी झालेली अंगणवाडी सेविका. तिची पेन्सिल जिथं अडते तिथं वर्गातली पोरं अडतात, हे त्याला पाठ झालं होतं.

"झालं ना वाचून, ताई?"

"थोडं राह्यलं."

खोटं होतं. दोनदा वाचून झालं होतं. पण हे हातातून गेलं की पुढचं येईपर्यंत घरात वाचायला अंगणवाडीतल्या लेकरांच्या वजनाचं रजिस्टर तेवढं उरायचं.

धम्मपालनं अभिप्रायाचा छापील कागद मांडीवर घेतला. "सांग, कुठी अडली?"

"दुसऱ्या धड्यात. अडली नाई, झोपली." हेमलानं पानं उलटली. "हे पाय. पन्नास लेकरांच्या वजनाचे ठिपके मांडून मधून रेष ओढली त एकबी लेकरू रेषेवर बसत नाई. पन रेषच नसली त खाली कोन राह्यलं हे दिसत नाई. संपलं. एवढ्याले यानं अकरा पानं घेतली."

'विवेचन काहीसे पाल्हाळिक,' धम्मपालनं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"मी असं कवा म्हनलं?"

"समितीत असंच म्हनतात."

"मंग समितीलेच म्हना, पन्नास लेकरं एकेक करून काट्याले टांगा, अन् मंग पुस्तकं लिहा."

दाराशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलेली माय, भागिरथाबाई, तोंडाला पदर लावून हसली.

मग पुस्तक हातात घेऊन चाळताना पान त्रेसष्टवर धम्मपाल थांबला. तिथं चौकटीत उदाहरण होतं, ते तो पुटपुटत वाचू लागला. माणूस किती वर्षं शिकला आणि त्याची कमाई किती. वर्षं वाढली की कमाई वाढते. खाली लेखकानं सावध केलं होतं की यात उपजत बुद्धीचाही वाटा असतो. ज्याला ती जास्त तो जास्त शिकतो, पण ती मोजता येत नाही म्हणून हिशेबातून सुटते. चौकटीच्या बाजूला पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं आणि मग ते इतकं घासून खोडलं होतं, की कागद पातळ झाला होता.

"इथी काय लिहिलं होतं?"

"काई नाई. बेरीज केली होती."

"या पानावर कायची बेरीज?"

"चहा घेतं काय अजून?"

त्यानं पान दाराच्या उजेडाकडे तिरपं धरलं. शिसं गेलं होतं, दाब राहिला होता. एकेक अक्षर लावत त्यानं मोठ्यानं वाचलं, "एकाच घरात दोघं असले, अन् एकालेच पाठवलं, त मंग?"

हेमलानं रजिस्टर पुढ्यात ओढलं. "चुकीचा असन प्रश्न. बारावीवाल्या बाईचा. म्हनून त खोडला."

"चुकीचा नाई." धम्मपाल मास्तराच्या आवाजात सुरू झाला आणि तिथंच अडखळला. "हे... हे पुस्तकात पाहिजे होतं."

त्यानं कागद पुन्हा मांडीवर ओढला. मग लिहिलं. हेमलानं मान वाकडी करून वाचलं: 'शैक्षणिक संधीतील विषमतेचा पुरेसा विचार केलेला नाही.' तिचा प्रश्न सुटाबुटात उभा होता. घरच्या कोणी ओळखला नसता.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "आता त्यात आपल्यातलं कोनीच नाई राह्यलं."

"ताई, तवा बाबाले दोघांले अमरावतीले शिकाले पाठवनं..."

"जमलं नसतं. मले माहीत हाय. ऊठ, गाडीची वेळ झाली तुही."

गाडीला अजून तास होता. पण बारावीच्या सालाचा विषय निघाला की या घरात कोणत्या ना कोणत्या गाडीची वेळ व्हायचीच. कधी ती गाडी काढायची, कधी तो. आज दोघंही एकदम उठले. त्यानं पिशवी उघडली. तिनं खाटेवरचं पुस्तक उचलून पुढं केलं, पण बोट मधल्या पानातच राहिलं होतं. दोन दिवस राहू दे, एवढंच म्हणायचं होतं तिला.

"काय म्हनते रे ते पुस्तक?" मायनं विचारलं.

"कोनतं, माय?"

"आता वाचून राह्यला होता ते. शिकन्याचं."

"ते होय. ज्याले बुद्धी जास्त, थो जास्त शिकते, असं धरून चालला लेखक."

मायनं सुपातल्या शेंगा हातानं एका बाजूला सारल्या.

"मंग चूक हाय म्हना त्याचं," ती म्हणाली. "हुशार हेमला होती. तुह्या बाबाले माहीत होतं अन् मलेबी. तवाच."