गुडघ्यातली ऊब

“काका, गुडघ्यात ऊब वाटतेय, उन्हात बसल्यासारखी,” चुंबकाच्या कड्यात पाय ठेवून पडलेली हर्षदा म्हणाली. खो-खो खेळणाऱ्या या शाळकरी मुलीच्या हाडात कर्करोगाची गाठ होती. सुईने तिथे सोडलेले लोहाचे अतिसूक्ष्म कण आता कड्याच्या जोरावर तापून फक्त गाठीच्या पेशी मारत होते.

दिगंबरकाका शेजारीच बसले होते. तिच्याच वयात त्यांनाही हाच आजार झाला होता. तेव्हा पाय कापण्यावाचून इलाज नव्हता.

“तुमच्या वेळी हे असतं तर?” हर्षदाने दबकत विचारलं.

“तेव्हाच्या डॉक्टरांनी जीव तर वाचवला ना. म्हणून आज तुझ्याजवळ बसलोय.”

आज उपचारांचा शेवटचा दिवस होता. डॉक्टर काझींनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि त्या हसल्या. “गाठ मेली. ऊठ, चालून दाखव.”

हर्षदा खिडकीपर्यंत गेली आणि वळून परत आली.

काका काखेत कुबडी धरून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“दोघांत मिळून दोनच पाय उरतील अशी भीती होती, डॉक्टर. तुम्ही तीन ठेवलेत.”