बिल्ला

शाळेत इंग्रजीच बोलायचं. चुकून घरची लुगांडा भाषा तोंडातून निघाली की गळ्यात लाकडी बिल्ला पडायचा. मग दुसरं कुणी तसं बोलताना सापडलं, की बिल्ला त्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. नाहीतर शाळा सुटल्यावर आवार झाडायचं.

नामुली गणितं सोडवताना लुगांडात पुटपुटायची, त्यामुळे बिल्ला कायम तिच्याकडेच.

"किती मिरवशील हा दागिना?" काबुयेबाईंनी इंग्रजीत टोमणा मारला आणि त्या फळ्याकडे वळल्या.

खाली भिंतीच्या भेगेतून लाल मुंग्यांची फौज निघाली होती. ती बाईंच्या झग्यात शिरली.

"अगं आई गं, मेले मी!" बाई किंचाळल्या. अस्सल लुगांडात, थेट माहेरच्या हेलात.

नामुली सावकाश उठली, गळ्यातला बिल्ला काढला आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, जरा मान खाली करता?" तिचं इंग्रजी अगदी बिनचूक होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. नियम त्यांनीच केलेला. त्यांनी मान खाली केली.

मधल्या सुट्टीत बिल्ला गळ्यात घालूनच त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या. हेडमास्तरांसकट सगळ्यांच्या लुगांडातल्या गप्पा रोज तिथून मैदानापर्यंत ऐकू यायच्या. आज नामुली मुद्दाम खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

आतून फक्त चहाचे भुरके ऐकू येत होते.